कोऱ्या अर्जाचा शोध

सरकारी कचेरीच्या खिडकीला दोन बाजू असतात. त्यांपैकी आतल्या बाजूला मी एकतीस वर्षे काढली. माझ्या टेबलाच्या डाव्या खणात कोऱ्या अर्जांचे गठ्ठे असत. कोणी खिडकीत डोकावून, "साहेब, अमक्याचा फॉर्म," असे म्हटले, की मान वर न करता खणात हात घालून नेमका तोच कागद काढून देण्यात माझा हातखंडा होता. पुढे माझी बदली अभिलेख कक्षात झाली आणि जुनी बाडे शोधून देणे हेच माझे काम झाले. सांगायचे इतकेच, की अर्ज कुठे मिळतो हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो पडला २०२३ च्या जानेवारीत, निवृत्तीनंतर पाच वर्षांनी. आणि त्याची किंमत मोजली ती मात्र आमच्या सौ.ने.

आमची थोरली मुलगी जर्मनीत असते. एप्रिलअखेरीला तिचे बाळंतपण यायचे होते. पहिली खेप! आईने मार्चच्या शेवटी निघावे, महिनाभर आधी पोचावे, असा बेत ठरला. डिंक, खारीक, अळीव अशी यादीही झाली. अडचण एकच होती. सौ.कडे पासपोर्ट नव्हता. डोंबिवलीबाहेर तिची धाव पंढरपूर आणि फार तर काशीपर्यंत. पासपोर्ट हवाच कशाला?

"अहो, जन्मभर लोकांना अर्ज वाटलेत. माझा एक काढून द्या की!" ती म्हणाली.

मी मोठ्या रुबाबात संगणकापुढे बसलो. गूगलच्या चौकटीत इंग्रजीत 'पासपोर्ट फॉर्म' हे दोन शब्द घातले आणि जे नाव पहिले आले त्यावर टिचकी मारली. वर तिरंगी पट्टी, कोपऱ्यात सिंहांच्या मुद्रेसारखे काहीतरी, नावात 'पासपोर्ट' आहे, 'इंडिया' आहे. आणखी काय हवे? जन्मतारीख, आधार, आईचे माहेरचे नाव, सारे तिथे भरले. शेवटी शुल्क मागितले ३,४९९ रुपये. ते भरले. "आमचे प्रतिनिधी आपल्याशी संपर्क साधतील," असा निरोप उमटला.

मी वाट पाहत राहिलो. खिडकीच्या आत बसलेल्या माणसाला वाट पाहायला लावण्याची सवय असते, आणि म्हणून स्वतः वाट पाहण्यात काही वावगे वाटत नाही. अठरा दिवस गेले. एकोणिसाव्या दिवशी एका गृहस्थाचा फोन आला : फाईल 'पुढे सरकवण्यासाठी' आणखी दोन हजार लागतील. ती भाषा मला ओळखीची होती, आणि तिनेच मला जाग आली. शेजारच्या मुलाला बोलावले. त्याने पडद्याकडे एकदाच पाहिले आणि म्हणाला, "काका, हे सरकारी नाहीच. कोणीतरी दुकान थाटलंय."

खऱ्या ठिकाणी त्या पासपोर्टचे शुल्क तेव्हा १,५०० रुपये होते. सायबर फसवणुकीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर मी तक्रार केली. पलीकडच्या बाईंनी सगळे शांतपणे लिहून घेतले, पण असा फोन पैसे गेल्याबरोबर केला तरच ते वाटेत अडवण्याची काही आशा असते, हेही सांगितले. माझे पैसे अठरा दिवसांपूर्वीच गावोगाव फिरून आले असतील!

इथे मी शहाणा व्हायला हवे होते. झालो नाही. परराष्ट्र मंत्रालयाचे खरे स्थळ सापडले, अर्ज भरला, भेटीची तारीख मिळाली, आणि मग मनात किडा वळवळला : सौ.चा शाळेचा दाखला माहेरच्या नावाचा, बाकीचे कागद सासरच्या नावाचे, त्याचे काय? पुन्हा गूगल. कोणा परोपकारी माणसाने एका पानावर 'लग्नानंतर नावबदलाचे प्रतिज्ञापत्र' छापील नमुन्यासह ठेवलेले होते. त्यात पती-पत्नींचा एकत्र फोटोही मागितलेला. शंभराचा मुद्रांक आणला, मजकूर टंकून घेतला, नोटरीकडे जाऊन लाल शिक्का मारून घेतला. फोटोसाठी आम्ही दोघे स्टुडिओत गेलो. लग्नाला पस्तीस वर्षे झाली होती, पण लग्नमंडपानंतर स्टुडिओत जोडीने बसण्याचा हा पहिलाच योग.

पासपोर्ट सेवा केंद्रातल्या खिडकीपलीकडे आमच्या धाकटीच्या वयाची मुलगी होती. तिने ते प्रतिज्ञापत्र हातात घेतले, फोटोकडे पाहून हसली आणि अदबीने परत दिले.

"आजोबा, हे २०१६ मध्येच बंद झालं. आता याची गरज नाही. पण फोटो छान आलाय हं. घरी फ्रेम करून लावा."

एकतीस वर्षांत मी खिडकीतून किती माणसांना असे परत पाठवले असेल! तिच्याइतक्या गोडीने पाठवले होते का, हे मला आठवेना.

पासपोर्ट हातात आला १२ एप्रिलला. मग व्हिसा, मग तिकीट. नात जन्मली १९ एप्रिलला, आठवडाभर आधीच. बाराव्या दिवशी तिकडे बारसे झाले, तेव्हा सौ.ने स्वयंपाकघरात ओट्यावर मोबाईल डब्याला टेकवून उभा केला आणि त्याच्यापुढे पाळणा म्हटला. आवाज मधूनमधून तुटत होता. तो यंत्राचा दोष होता की तिचा, हे मी विचारले नाही. ती तिथे पोचली २७ मे रोजी. तोवर नात अडतीस दिवसांची झाली होती.

सौ.ने मला एका शब्दाने दोष दिला नाही. त्यामुळे तर जास्तच लागले.

* * *

ती तिकडे असताना तीन महिने मी घरात एकटा होतो. अभिलेखपालाला शोधता आले नाही, ही गोष्ट मनाला खात होती. म्हणून मी ठरवले, की ही नवी विद्या मुळापासून शिकायची. रोज सकाळी चहा झाला की तासभर मी एखादा अर्ज शोधायला बसे. मला हवा म्हणून नव्हे, नुसता तालमीसाठी. त्या तालमीत जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो. तरुण वाचकांनी हसावे. त्यांच्या आईवडिलांनी मात्र जरा थांबून वाचावे.

पहिली गोष्ट मला माझ्याच धंद्यातून उमगली. आपली समजूत अशी, की आपण शब्द घातले की गूगल धावत जाऊन साऱ्या जगात शोधून येते. तसे ते करीत नाही. त्याची यंत्रे रात्रंदिवस निरनिराळ्या स्थळांची पाने वाचून त्यांची एक अवाढव्य सूची आधीच करून ठेवतात, आणि आपण विचारले की ते फक्त त्या सूचीत पाहते. म्हणजे आमचे अभिलेख कक्षातले नोंदवहीचे पान! नोंदवहीत ज्या नावाने बाड चढवले असेल त्याच नावाने ते मागावे लागते. एखादा शेतकरी यायचा आणि म्हणायचा, "आमच्या आज्याच्या बांधाच्या भांडणाचा कागद द्या." कागद असायचा, पण नोंदवहीत 'आज्याचे भांडण' कुठे असणार? तिथे असायचा अपील क्रमांक आणि साल.

आता हे यंत्र आमच्या नोंदवहीपेक्षा पुष्कळ हुशार आहे. समानार्थी शब्द ओळखते, चुकलेले स्पेलिंग सुधारते. पण सरकारी अर्जाच्या बाबतीत त्याची ही हुशारीच नडते. आपण घरगुती शब्द घातले की ते घरगुती शब्दांतच लिहिणाऱ्यांकडे आपल्याला नेऊन सोडते, आणि असे लिहिणारे बहुधा दलाल असतात. सरकार घरगुती भाषेत कधी लिहीत नाही! आपण म्हणतो 'हयातीचा दाखला'. तो मोबाईलवर चेहरा दाखवून घरबसल्या देण्याची जी केंद्र सरकारची सोय आहे, तिचे नाव आहे 'जीवन प्रमाण'. ती सुरू झाली नोव्हेंबर २०१४ मध्ये, आणि चेहरा ओळखण्याची सोय आली नोव्हेंबर २०२१ मध्ये. आपण म्हणतो 'वडिलांच्या मागे आईला मिळणारे पेन्शन'. कागदावर ते 'कुटुंब निवृत्तिवेतन' असते. गावच्या जमिनीला वारस लावायचे म्हणतो, तेव्हा तलाठ्याच्या दप्तरात त्यासाठी 'गाव नमुना ६-क' आहे आणि त्यानंतरचा फेरफार 'गाव नमुना ६' मध्ये चढतो. कॉलेजच्या प्रवेशासाठी मुले 'डोमिसाइल' म्हणतात. दाखल्यावर छापलेले असते 'वय, राष्ट्रीयत्व व अधिवास'.

म्हणून माझा पहिला नियम असा झाला, की एकदा शोधायचे ते अर्जासाठी नव्हे, त्याच्या नावासाठी. पहिल्या फेरीत काहीही वाचावे, वर्तमानपत्रातली बातमी, कोणाचा अनुभव, काहीही. पण तिथे अर्ज उतरवून घेऊ नये. तिथून फक्त सरकारी नाव, नमुन्याचा क्रमांक आणि कायद्याचे साल कागदावर टिपून घ्यावे. मग ते शब्द घेऊन दुसरी फेरी. या दोन फेऱ्यांत अंतर ठेवले असते, तर माझे ३,४९९ रुपये वाचले असते आणि, त्याहून मोठे म्हणजे, अठरा दिवस.

* * *

दुसऱ्या फेरीत पाहायचे ते पत्त्याकडे. शेजारच्या मुलाने मला हे ज्या रीतीने समजावले, त्याहून मला स्वतःला सुचलेली रीत अधिक पटते. आपल्याकडे माणसाचे नाव आधी आणि आडनाव शेवटी. कोणत्या घरातला हे शेवटच्या शब्दावरून कळते. संकेतस्थळाचेही तसेच. पत्त्यातली पहिली एकेरी तिरकी रेघ येईपर्यंत जो भाग असतो, त्याचा शेवट म्हणजे त्याचे आडनाव. ते 'गव्ह डॉट इन' असेल तर घर सरकारचे. हे आडनाव वाटेल त्याला मिळत नाही. ते सरकारी खात्यांना आणि संस्थांनाच मिळते आणि ते देण्याचे काम राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे, म्हणजे एनआयसीकडे आहे. 'एनआयसी डॉट इन' हे दुसरे सरकारी आडनाव, काही जुन्या स्थळांचे. पण आडनाव मधे घुसडून शेवटी 'डॉट कॉम' किंवा 'डॉट ओआरजी' लावले असेल, तर ते सोंग. माझ्या त्या दुकानदाराने नावात 'पासपोर्ट' घातले, 'इंडिया' घातले. आडनाव मात्र त्याला मिळाले नव्हते. मी शेवटपर्यंत वाचलेच नाही! पासपोर्टचे खरे घर 'पासपोर्टइंडिया डॉट गव्ह डॉट इन'. त्याच्यासारख्या नावांच्या खोट्या स्थळांपासून सावध राहा, असा इशारा परराष्ट्र मंत्रालयाने वेळोवेळी दिलेला आहे.

हे आडनाव गूगललाच आधी सांगून ठेवता येते, आणि ही युक्ती मला फार आवडली. शोधायचे शब्द लिहून झाले की पुढे इंग्रजीत 'साइट' हा शब्द, त्याला चिकटून कोलन म्हणजे दोन टिंबे, आणि टिंबांना चिकटून 'गव्ह डॉट इन'. मधे मोकळी जागा सोडायची नाही. सोडली तर युक्ती फसते. असे केले की यादीतले दलाल, परोपकारी मंडळी सगळी बाजूला होतात आणि यादीत फक्त सरकारी घरे उरतात. 'महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन' असे लिहिले तर आपल्या राज्याचीच. नमुन्याचे नाव अवतरणचिन्हांत घातले, तर ते शब्द त्याच क्रमाने जिथे आहेत तीच पाने येतात. आणि 'फाइलटाइप' या इंग्रजी शब्दापुढे तशीच दोन टिंबे देऊन 'पीडीएफ' लिहिले, तर छापून घेण्याजोगे कागदच तेवढे पुढे येतात. एवढ्या तीन किल्ल्यांनी माझी नव्वद टक्के कुलुपे उघडली. उरलेल्यांची गोष्ट पुढे सांगतो.

मात्र एक ध्यानात असू द्या. यादीच्या डोक्यावर 'प्रायोजित' किंवा इंग्रजीत 'स्पॉन्सर्ड' अशी बारीक अक्षरे असतात. ती पैसे देऊन मिळवलेली जागा. मी टिचकी मारली होती ती त्या जागेवर. हल्ली तर यादीच्याही वर यंत्राने स्वतः रचलेले उत्तर येते. ते गोड मराठीत असते आणि अगदी खात्रीने बोलते. आमच्या कचेरीत असा एक शिपाई होता. आलेल्या माणसाला तो दारातच सगळे सांगून टाकी. निम्मे बरोबर असे, निम्मे त्याच्या उमेदवारीच्या काळचे. त्याच्यावर विसंबून आलेली माणसे मी रोज परत पाठवीत असे. यंत्राचे उत्तर वाचावे, पण त्याखाली ज्या पानाचा आधार दिलेला असतो तिथे जाऊन मगच पुढचे पाऊल टाकावे.

सगळीच विश्वासू घरे या आडनावाची नसतात, हेही सांगायला हवे. आयुर्विमा महामंडळ 'एलआयसीइंडिया डॉट इन' वर राहते, रेल्वेची तिकिटे 'आयआरसीटीसी डॉट को डॉट इन' वर मिळतात, आणि खुद्द रिझर्व्ह बँकेचा पत्ता 'आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन' असा आहे. बँकांना मात्र रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये फर्मान काढून ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' हे स्वतंत्र आडनाव घ्यायला सांगितले. अशा वेळी मी काय करतो? संबंधित मंत्रालयाच्या सरकारी पानावर जातो आणि तिथे दिलेल्या दुव्यावरून पुढे जातो. ओळखीच्या माणसाने ओळख करून द्यावी, तसे.

* * *

आता न उघडणारी कुलुपे. मराठी अर्ज कधीकधी काही केल्या सापडत नाहीत. सुरुवातीला मला वाटे, माझेच चुकते. मग कारण कळले, आणि आपल्या भाषेबद्दल जरा वाईटही वाटले. पुष्कळ जुने सरकारी कागद ज्या टंकांत केलेले आहेत, त्यांत डोळ्यांना मराठी दिसते, पण आत साठवलेली अक्षरे इंग्रजी असतात. आपण 'उत्पन्नाचा दाखला' वाचतो. यंत्र वाचते अर्थहीन इंग्रजी अक्षरांची खिचडी. सूचीत चढणार काय? दुसरे कागद म्हणजे नुसती छायाचित्रे. कोणीतरी छापील नमुना यंत्रावर ठेवून त्याचा फोटो काढला आणि चढवला, तोही तिरका. काही अर्ज तर अशा जागी असतात, की आधी जिल्हा निवडा, मग खाते निवडा, मगच ते प्रकट होतात. तिथवर सूची करणारी यंत्रे पुष्कळदा पोचतच नाहीत. अशा वेळी शोधयंत्राला फक्त खात्याच्या दारापर्यंत नेऊ द्यावे आणि आत आपल्या पायांनी जावे. 'डाउनलोड', 'नमुने', 'नागरिकांची सनद' असली शीर्षके एकेक करून उघडावी. शासन निर्णय हवा असेल तर 'जीआर डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन' वर खाते आणि तारीख देऊन शोधावे. त्याच्यावर छापलेला सांकेतांक ठाऊक असेल तर काम एका क्षणाचे. आणि मराठीत मिळाले नाही तर इंग्रजी नावाने पुन्हा शोधायला लाजू नये. मी आधी लाजत असे.

पण खरा घात करतो तो शिळा अर्ज. खोट्या स्थळावर पैसे जातात, ते निदान कळते. शिळा अर्ज मात्र खराच असतो. एके काळी सरकारनेच काढलेला. माझे प्रतिज्ञापत्र तसेच होते. २३ डिसेंबर २०१६ रोजी परराष्ट्र मंत्रालयाने पासपोर्टचे नियम सोपे केले. जोडपत्रांची संख्या १५ वरून ९ वर आणली, आणि जी उरली ती साध्या कागदावर स्वतः सही करून द्यावी, नोटरी किंवा दंडाधिकारी यांच्यापुढे जाण्याची गरज नाही, असे जाहीर केले. सहा वर्षे उलटल्यावर मी मुद्रांक विकत घेत होतो! इंटरनेटवर कोणी रद्दी विकत नाही. जुना कागद नव्याच्या शेजारी तितकाच कोरा करकरीत दिसतो. आमच्या इमारतीत गेल्या निवडणुकीआधी एक गृहस्थ पत्ता बदलण्यासाठी मतदारयादीचा 'नमुना ८-अ' शोधत फिरत होते. तो १ ऑगस्ट २०२२ पासूनच संपला. पत्ता बदला की नाव दुरुस्त करा, दोन्हींना आता 'नमुना ८'. त्यांनी ८-अ कुठूनतरी मिळवला होताच, भरलाही होता, आणि वर "सरकारचं काही खरं नाही" असे म्हणत होते.

शिळेपण ओळखण्याची एक खूण मी खिडकीच्या आतून शिकलो होतो. तीच इथेही कामी येते. सरकारी नमुन्याच्या डोक्यावर, शीर्षकाखाली कंसात, बहुधा 'नियम अमुक पाहा' असे छापलेले असते. लोक ती ओळ कधी वाचत नाहीत. तो नियम आणि त्याचे साल टिपून घ्यावे, आणि त्यापुढे 'सुधारणा' किंवा इंग्रजीत 'अमेंडमेंट' हा शब्द घालून सरकारी आडनावासह शोधावे. नियम बदलला असेल तर नमुना बदललेला असण्याचा संभव मोठा. गूगलच्या 'टूल्स' या कळीखाली 'गेल्या वर्षभरातले' एवढेच दाखवण्याचीही सोय आहे, पण तिच्यावर सर्वस्वी विसंबू नये. कालच्या तारखेला चढवलेले पान दहा वर्षांपूर्वीचा नमुना घेऊन बसलेले मी पाहिले आहे.

* * *

ही विद्या जरा अंगी मुरली आणि इमारतीत बोभाटा झाला. संध्याकाळी जिन्यात कोणी गाठले नाही असा दिवस उजाडेना. त्यांतली एक हकीगत सांगतो. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची. त्यांच्या परवानगीनेच सांगतो आहे.

त्यांचे यजमान २०२१ मध्ये गेले. बदलीची नोकरी, सांगली, अकोला, नाशिक असे फिरलेले. कपाट आवरताना वहिनींना एका बँकेच्या मुदत ठेवीची जीर्ण पावती सापडली, मुदत संपलेली २००९ ची. शाखेचे नाव पुसट. एक 'सल्लागार' त्यांना भेटला होता आणि रकमेच्या दहा टक्क्यांवर सगळे करून द्यायला तयार होता. वहिनी सही करायला निघाल्या होत्या. "भाऊजी, एकटीनं कुठं कुठं जाऊ?" एवढेच म्हणाल्या.

मी म्हटले, दोन दिवस द्या. त्यांच्याच शब्दांत शोधले, 'जुनी विसरलेली ठेव', तर कर्जाच्या जाहिराती आल्या आणि त्या सल्लागाराचे भाऊबंद आले. मग बँकेच्या भाषेतले नाव मिळाले : 'अनक्लेम्ड डिपॉझिट', म्हणजे दावा न केलेली ठेव. त्या नावाने शोधताच सारे उलगडले. दहा वर्षे न मागितलेल्या ठेवी बँका रिझर्व्ह बँकेच्या २०१४ च्या योजनेखाली एका निधीत जमा करतात. पण ठेवीदाराचा किंवा वारसाचा हक्क त्यामुळे बुडत नाही. आणि अशा ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने १७ ऑगस्ट २०२३ रोजी 'उद्गम' नावाचे स्थळ सुरू केले आहे. मार्च २०२४ पर्यंत त्यात ३० बँका आल्या होत्या. फी नाही, दलाल नाही.

वहिनींच्या मोबाईलवरून नोंदणी केली. यजमानांचे नाव, आणि पॅन किंवा जन्मतारीख अशांपैकी एक खूण घालायची होती. पहिल्यांदा काहीच आले नाही. वहिनी उठून चहा टाकायला गेल्या. मी नावाचे इंग्रजी स्पेलिंग पावतीवरच्यासारखे करून पाहिले. त्या काळच्या कारकुनाने एक 'ए' जास्त लिहिला होता. नोंद आली.

मी हाक मारली. वहिनी चहाची गाळणी हातात घेऊनच बाहेर आल्या, पडद्यावरचे नाव वाचले आणि नुसत्याच उभ्या राहिल्या. "किती दिवसांनी त्यांचं पूर्ण नाव कुठं छापलेलं पाहिलं," म्हणाल्या.

'उद्गम' फक्त शोधून देते, पैसे देत नाही. दाव्याचा अर्ज त्या बँकेचाच, आणि तो तिच्याच स्थळावरून घेतला. पुढे शाखेत चार खेपा झाल्या, वारसाचे कागद झाले. रक्कम किती होती हे सांगण्याची मला मुभा नाही. गेल्या पावसाळ्याआधी वहिनींनी घराला रंग काढला एवढे सर्वांनी पाहिलेच आहे.

* * *

२०२३ च्या डिसेंबरात जर्मनीहून मुलीचा फोन आला. जावई आणि ती दोघेही भारतीय नागरिक. परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद आपल्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे जन्मापासून एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करावी लागते. ती झाली, की मग बाळाचा पासपोर्ट. जावयांनी मित्रांकडून कागदांची यादी मिळवली होती. त्यात अल्पवयीन मुलासाठी आईबापांनी द्यायचे 'अॅनेक्स्चर एच' होते, आणि ते भरून तयारही होते.

"बाबा, एकदा नजर घालता का?" ती म्हणाली. मागच्या प्रकरणाबद्दल ती काही बोलली नाही, आईचीच लेक.

मी वही काढली. पहिली फेरी नावासाठी, दुसरी आडनावासाठी. नागरिकत्वाच्या नोंदणीचे स्थळ निघाले 'इंडियनसिटिझनशिपऑनलाइन डॉट एनआयसी डॉट इन'. आणि जोडपत्र? 'एच' हे जुन्या क्रमातले अक्षर होते. २०१६ नंतरच्या क्रमात त्या कामासाठी 'अॅनेक्स्चर डी' आहे, साध्या कागदावर, दोघांच्या सह्यांनी. मी नवा नमुना त्याच रात्री पाठवला. सौ. शेजारी उभी राहून पाहत होती. "खात्रीचा आहे ना?" तिने विचारले. मी तिला पत्त्याचा शेवट बोट ठेवून दाखवला. तिने चष्मा पुसून तो दोनदा वाचला.

वर्ष भरायच्या आत नोंद झाली, पासपोर्ट झाला, आणि २०२४ च्या दिवाळीत नात डोंबिवलीला आली. आमच्या संगणकाच्या वर भिंतीला ते प्रतिज्ञापत्र फ्रेम करून लावलेले आहे, सेवा केंद्रातल्या मुलीने सांगितल्याप्रमाणे. नातीला कडेवर घेतले की ती आधी फोटोतल्या आजीला बोट लावी. मग नोटरीच्या त्या गोल लाल शिक्क्याकडे वळून म्हणे, "टिकली!"